अण्णांची घरची कॅसेट

गेल्या हिवाळ्यात दोंडाईच्याला एक सत्कार समारंभ झाला. सिनेमात आणि टीव्हीत काम करणाऱ्या गावच्या माणसांचा. आमचं गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं, पण त्या गावातून एक मेकअपमन, दोन लाइटवाले, एक साउंड रेकॉर्डिस्ट, मालिकांचा एक दिग्दर्शक आणि असे आणखी दोघं-तिघं बाहेर पडले. मी स्वतः मालिकांचा कॅमेरा करतो. यादी करायचं काम मंडळींनी माझ्याकडेच दिलं होतं. मी आठ नावं दिली.

एका तरुण कार्यकर्त्याने फोनवर विचारलं, "काका, ते सुरतचे हिलाल शूटिंगवाले पण आपल्याच गावचे ना? माझ्या आईबाबांच्या लग्नाची कॅसेट त्यांनीच काढलेली."

"हो, आपल्याच गावचे. पण ते लग्नाचं शूटिंग करायचे."

"मग नको का त्यांचं नाव?"

मी त्याला माझी आठ नावं पुन्हा वाचून दाखवली. त्याने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं आणि विषय बदलला. समारंभात शाल अंगावर पडली, तेव्हा समोरच्या खुर्च्यांमध्ये मी उगाचच एका पांढऱ्या टोपीचा माणूस शोधत होतो. हिलाल अण्णांना जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली आहेत.

त्यांच्याविषयी लिहायचं तर मला स्वतःचं एक कृत्य सांगावं लागेल. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

हिलाल अण्णांचं दुकान कतारगामला होतं. हिरे घासणाऱ्यांच्या कारखान्यांच्या रांगेत, तळमजल्यावर. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि मिक्सिंगचं जुनं यंत्र. लग्नाचं शूटिंग कापून-जोडून नीट करण्याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणत. तरुणपणी अण्णा तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवत, मग मुंबईला काही वर्षं कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, आणि शेवटी सुरतेत येऊन स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. मी नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास गावाहून लूमवर कामाला आलो होतो. चार वर्षं मागावर काढली, कानात घरघर बसली. एकदा चुलतभावाच्या लग्नात अण्णांचा लाइटवाला आला नाही, म्हणून मी लाइट धरला. लग्न आटोपल्यावर ते म्हणाले, "हात हालत नाही तुझा. कुठला?"

"दोंडाईच्याचा."

"तरीच. मिरच्या तोडून हात स्थिर होतो. उद्या ये दुकानात."

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे मागे उभं राहून पुटपुटणं. "माणूस चौकटीत आला की लगेच हाकलू नको त्याला. पाहुणा आहे. बसू दे." सगळे व्हिडिओवाले तेव्हा चेहऱ्यावर झूम मारून मागे येत, फुलाच्या आकारात नवरा-नवरी दाखवत. अण्णा कॅमेरा ठेवत आणि थांबत. प्रत्येक लग्नात ते आचाऱ्याला नाव विचारून त्याचंही थोडं शूटिंग करत. गिऱ्हाईक वैतागे. "अण्णाभाई, आ रसोइयाने केम लीधो? कापी नाखो." अण्णा मान हलवत, "बराबर, बराबर," म्हणत आणि कापत नसत.

सगळ्यात मोठी तक्रार असे ती पाठवणीची. मुलगी सासरी निघाली, आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, की अण्णा कॅमेरा खांद्यावरून खाली घेत. लोकांना तर नेमकं तेच हवं असे. एकदा बीडकडच्या एका मुलीच्या बापाने दुकानात येऊन चांगलाच आवाज चढवला.

"सगळं हाय हिच्यात. मांडव हाय, जेवणावळ हाय, बँडवाला बी हाय. माझी पोरगी रडली ते कुठंय?"

"ते तुमच्याकडं आहे," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडं? मी काय कॅमेरा घेऊन हिंडत हुतो का?"

"रडणं ज्याचं त्यानं ठेवायचं असतं, पाटील. मी घेतलं तर चार घरांत बघतील, चहा पिता पिता."

तो माणूस स्टुलावर बसला आणि तिथेच रडायला लागला. अण्णांनी मला चहा सांगायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा दोघं मिरचीच्या भावाविषयी बोलत होते.

अण्णांचं घर कोसाडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी खालच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो आणि जेवायला वर जायचो. विमलवहिनी, त्यांची बायको, घरात अहिराणीच बोलायच्या. मुलगी रेखा शाळेतल्या सवयीने गुजरातीत उत्तर द्यायची. वहिनी म्हणायच्या, "हाई पोर मना पोटनी शे का शेजारनी, तेच कळत नही." अण्णा हसायचे. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि वहिनी जेवायला वाढताना मुद्दाम त्याच बाजूला उभ्या राहून त्यांच्या तक्रारी मला सांगायच्या.

अण्णांना एक फिल्म काढायची होती. तासाभराची, अहिराणीत. गावाहून सुरतेत संसार मांडायला आलेली एक बाई आणि लूमवर काम करून कान गेलेला तिचा नवरा. बस, एवढीच गोष्ट. लूमच्या सुट्टीच्या दिवशी शूटिंग करायचं ठरलं. बाईचं काम ऑर्केस्ट्रातल्या एका मुलीला दिलं होतं. पहिल्या दिवशी सगळे जमले आणि ती आलीच नाही. वहिनी सगळ्यांसाठी पोहे घेऊन उभ्या होत्या.

अण्णा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तूच कर."

"येडा व्हयनात का? मी काय नाटकनी बाई शे?"

"नाटक करूच नको. पोहे वाढ. मी घेतो."

त्यांनी पोहे वाढले. अण्णांनी ते घेतलं. मग पुढचे सात-आठ आठवडे वहिनी त्या फिल्ममध्ये राहत गेल्या. संवाद अण्णा सांगायचे, वहिनी ते बदलून आपल्या पद्धतीने म्हणायच्या, आणि ते बदललेलंच खरं वाटायचं. एकदा मी फोकस धरून होतो आणि त्या बोलायच्या थांबल्या, नुसत्या माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मी अवघडलो. अण्णा मागून पुटपुटले, "हलू नको, हलू नको." ते बघणं फिल्ममध्ये तसंच राहिलं.

कच्च्या कॅसेटी मिक्सिंग झाल्यावर पुन्हा लग्नांसाठी वापरायच्या हा आमचा रिवाज. तसंच झालं. फिल्मची जोडून तयार केलेली एकच कॅसेट उरली. कॉपी काढली की चित्र फिकं पडतं, म्हणून अण्णा तीच कॅसेट आणि मला घेऊन मुंबईला गेले. विनायकराव, आमच्याच गावचे, तेव्हा मालिका दिग्दर्शित करत होते. त्यांनी ऑफिसात कॅसेट लावली. आठ-दहा मिनिटं पाहिली, त्यातही दोनदा फोन आला.

"अण्णा, तुमच्याविषयी आदर आहे, पण ही क्वालिटी चालणार नाही. आणि ही भाषा कोणाला कळणार? आपल्या गावाला?" मग थांबून म्हणाले, "बाई मात्र झकास आहे. कोण आहे?"

"घरची आहे," अण्णा म्हणाले.

"आणि कॅमेरा कोणी केला?"

निम्म्याहून जास्त कॅमेरा अण्णांचा होता. पण ते म्हणाले, "यानं. हा प्रल्हाद. सगळा यानंच केला." विनायकरावांनी माझा पत्ता लिहून घेतला. आज मी जे काही आहे, ते त्या एका वाक्यामुळे आहे.

परत आल्यावर अण्णांनी कॅसेटचा कान तोडला. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असे. तो तोडला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नसे. गिऱ्हाइकांच्या तयार कॅसेटींचे कान आम्ही असेच तोडायचो. अण्णांनी लेबलवर फक्त 'घरची' असं लिहिलं, ती पुठ्ठ्याच्या कव्हरात घातली आणि फळीवर ठेवली. पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी ते केलं.

आखाजीला सुरतेत गल्लोगल्ली लग्नं असतात. अण्णा वराछाकडे गेले होते, मला चलथाणला, साखर कारखान्याच्या वसाहतीतलं लग्न होतं. निघताना पाहिलं तर कोऱ्या कॅसेटींत एक कमी. बाजारातली दुकानं बंद. वऱ्हाडाचा निरोप येऊन गेला होता की मुहूर्त साडेबाराचा आहे. मी फळीवर हात फिरवला आणि 'घरची' हातात आली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लेबल माझ्या डोळ्यांसमोर होतं. कान तुटलेला होता. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा रेकॉर्ड करते, हे प्रत्येक व्हिडिओवाल्याला ठाऊक असतं. मी चिकटपट्टी लावली. नीट, कडा दाबून लावली. मनात म्हटलं, दोन वर्षांत कोणी पाहिली आहे ही? विनायकरावांनीच नको म्हटलं. त्या वेळी वहिनी जिवंत होत्या, रोज दोन वेळा समोर दिसत होत्या. त्यांचं चित्र ही जपायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. चलथाणच्या वरमाईच्या मानपानावर आणि उसाच्या रसाच्या पाहुणचारावर ती कॅसेट संपली.

संध्याकाळी मी दुसरी एक कॅसेट त्या कव्हरात घालून जागच्या जागी ठेवून दिली. अण्णांना सांगायचं, पण गर्दीचे दिवस सरू देत, असं ठरवलं. ते दिवस सरले. मग वाटलं, विषय निघाला की सांगू. विषय कोण काढणार होतं?

त्याच पावसाळ्याच्या शेवटी तापी शहरात शिरली. कतारगामच्या आमच्या गल्लीत पाणी ओसरलं तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ होता. व्हीसीआरमध्ये चिखल, फळ्या कोसळलेल्या, पुठ्ठ्याची कव्हरं लगदा झालेली, लेबलं धुऊन गेलेली. अण्णा दारात उभे होते. शेजारचा हिऱ्याचा कारागीर ऊर बडवत होता. आणि मला त्या गाळात उभं राहून एकदम हलकं वाटलं. आता सांगावं लागणार नाही. शहर बुडालं होतं आणि मी सुटलो होतो. तसं वाटलं हे खरं आहे.

दिवाळीच्या आधी वहिनींना कावीळ झाली. आधी घरगुती औषध केलं, मग दवाखाना. अठरा दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना माझं जेवण सुचत होतं. रेखाला म्हणाल्या, "पल्हादले डब्बा दिधा का?"

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर, दुपारी, अण्णा भिंतीला टेकून बसले होते. घरात वहिनींचा एकच फोटो होता, रेशन कार्डासाठी काढलेला, त्यात त्या घाबरलेल्या दिसतात. अख्ख्या सुरतेची लग्नं अण्णांनी घेतली, पण त्यांचं स्वतःचं लग्न व्हिडिओ यायच्या आधीचं.

"पल्हाद," ते म्हणाले, "ती कॅसेट कोणत्या फळीवर होती रे?"

तोंड उघडलं तेव्हा मी खरं सांगणार होतो, असं मला अजूनही वाटतं.

"खालच्या, अण्णा. पाण्यात गेली."

"गेली म्हणजे? वाहून थोडीच गेली. गोणीत असंल."

पुरात भिजलेल्या कॅसेटी गोणीत भरून दुकानामागे टाकल्या होत्या. भंगारवाला यायचा राहिला होता. अण्णा त्याच दुपारी उठले आणि गोणी रिक्षात घालून कोसाडला घेऊन आले. गच्चीवर ओतली. कान तुटलेल्या वेगळ्या काढल्या. त्रेचाळीस भरल्या. गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या, दुकानात जपून ठेवलेल्या मूळ कॅसेटी, सगळ्या सारख्या, काळ्या, चिखलाच्या, बिनलेबलाच्या.

"यातलीच एक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे, चाकं स्वच्छ पाण्यात बुडवायची, टेप हातभर हातभर सोडवत कापसाने, स्पिरिटने पुसायची, सावलीत वाळवायची, नव्या खोक्यात गुंडाळायची. एका कॅसेटमध्ये पाव किलोमीटर टेप असते. धंदा सांभाळून एकीला पंधरा-वीस दिवस लागत. मग दुरुस्त केलेल्या व्हीसीआरमध्ये लावायची. आधी नुसती खरखर, मग पट्टे, मग कोणाचा तरी मांडव.

"ही नाही," म्हणायचे आणि दुसरी उघडायचे.

पहिली चालू झाली ती अमरोलीच्या एका कुटुंबाची होती. अण्णांनी त्यांना निरोप पाठवला. म्हातारा-म्हातारी आले. त्यांचा मुलगा लग्नानंतर वर्षभरात लूमच्या अपघातात गेला होता. त्यांच्याकडची प्रत पुरात गेली होती आणि त्यांनी आशा सोडली होती. म्हातारी अण्णांच्या पाया पडायला वाकली. अण्णांनी तिला धरलं आणि म्हणाले, "माय, माझीपण सापडू दे म्हण."

मी तिथेच उभा होतो. ती म्हातारी खरंच हात जोडून म्हणाली.

नव्या वर्षात विनायकरावांचं पत्र आलं. एका मालिकेला कॅमेऱ्यावर मदतनीस हवा होता. मी गेलो. जाताना वाटलं, तिथून पत्राने कळवू. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तोंडाने सांगायला वर्षभराने आलो. ती शेवटची भेट. त्यानंतर आलेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. मला ते महिन्याने कळलं. रेखाने फोनवर सांगितलं की अकरा कॅसेटी तशाच राहिल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, अकरामध्ये नक्की." मी फोन ठेवल्यावर मला वाटलं, बरं झालं, सगळ्या संपल्या नाहीत. आणि असं वाटल्याची मला आजही लाज वाटते.

त्या शेवटच्या भेटीत मी दुपारी गच्चीवर गेलो तेव्हा कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून टेपचे काळे पट्टे सोडलेले होते. ऊन कडक होतं. अण्णा साडीच्या आडोशाला बसून पुसत होते. बोटांची कातडी स्पिरिटने पांढरी पडून निघाली होती.

"आलास? मुंबईवाला झालास रे तू. जेवलास?"

"जेवलो."

"मग हे टोक धर. ताण देऊ नको, पीळ पडतो."

मी टोक धरून समोर बसलो. ते पुसत होते, मी सोडत होतो. जिना चढताना मी वाक्य जुळवलं होतं. अण्णा, ती कॅसेट पाण्यात गेली नाही. एवढंच. आठवलं तर अजून जिभेवर येतं.

"अण्णा," मी म्हणालो, "समजा, यात ती नसलीच तर?"

त्यांनी मान वर केली नाही. "तू ठेवली होतीस ना खाली?"

"हं."

"मग कशी नसंल?"

टेप माझ्या बोटांतून सरकत राहिली. जरा वेळाने ते म्हणाले, "पल्हाद, मिक्सिंग तू केलं होतंस. मला शेवटचं नीट आठवत नाही रे. तो कामावरून येतो, दारात बसतो. ती काय म्हणते त्याला? मी रोज जुळवतो, रोज वेगळंच येतं."

मला आठवत होतं. मिक्सिंगला मी ते चाळीस वेळा पुढे-मागे केलं होतं. वहिनी दारात उभ्या, हातात तांब्या, नवऱ्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून बोलतायत.

मी म्हटलं, "त्या म्हणतात, तुमले ऐकू येत नही ते बरं शे. मी दिनभर भांडस, आनी तुम्ही हासतस."

अण्णांचा हात थांबला.

"मग?"

"मग त्या तांब्या खाली ठेवतात. थोडं थांबतात. म्हणतात, जेवी ल्या. मंग आपन बठसूत उजेडमा."

"उजेडमा," अण्णा म्हणाले. "हां. उजेडमा." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं वाक्य कुठल्या कुठे गेलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"बघ," ते म्हणाले, "तुला एवढं सगळं याद आहे म्हणजे ती कुठं जात नाही. आहे यातच. सोड, सोड टेप. थांबू नको."

मी सोडत राहिलो. चार वाजता गाडी होती म्हणून उठलो, टोक दोरीला अडकवून दिलं आणि खाली उतरलो. रस्त्यावरून वळून पाहिलं. गच्चीच्या कठड्याआड त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती, हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत.